खुल्दाबादचे चिश्ती पीठ व राजसत्ता

मध्ययुगीन दख्खनमधील सूफी साधूंचे एक प्रमुख केंद्र आणि त्या केंद्राचे तत्कालीन सुलतानशाहीशी असलेले संबंध. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहराच्या वायव्येस सु. २५ किमी.वर, देवगिरी-दौलताबादचा किल्ला व वेरूळची लेणी यांच्या सान्निध्यात खुल्दाबाद वसले आहे. चौदाव्या शतकात येथे चिश्ती संप्रदायाच्या सत्पुरुषांच्या कबरी झाल्या आणि गावास रौझा म्हणजे समाधिस्थान असे नाव पडले. औरंगजेबास मृत्यूनंतर ‘खुल्दमकान’ (स्वर्गनिवासी) हा किताब देण्यात आला. त्यावरून पुढे खुल्दाबाद हे नाव रूढ झाले. धर्मसत्ता व राजसत्ता यांचा जो झगडा मध्ययुगीन यूरोपात पोप व सम्राट यांच्यात झाला, त्याच्याशी तुलना करता येण्याजोगे प्रसंग महाराष्ट्राच्या इतिहासात थोडे आहेत. त्यांपैकी खुल्दाबादच्या शेखांचा प्रसंग विशेष लक्षणीय आहे.

पोपसत्तेचे स्वरूप : पाश्चात्त्य ख्रिस्ती जगात आध्यात्मिक व ऐहिक अशा दोन सत्तांची कल्पना पहिल्या गिलेशियस पोपने ४९४ मध्ये सम्राटाला लिहिलेल्या पत्रात मांडली. अकराव्या शतकापासून या कल्पनेला संस्थेचे बळ मिळत गेले. १०५९ मध्ये पोपच्या निवडीचा अधिकार प्रामुख्याने कार्डिनलांकडे सोपविण्यात आला. सातव्या ग्रेगरीने (कार. १०७३–८५) बिशपांच्या नेमणुकांवरून चौथ्या हेन्रीला बहिष्कृत केले व त्याच्या प्रजेला राजनिष्ठेच्या शपथेतून मुक्त केले. जानेवारी १०७७ मध्ये हेन्रीला कानोसाच्या गढीबाहेर तीन दिवस पश्चात्तापाच्या वेषात तिष्ठत राहावे लागले. तिसऱ्या इनोसंटने (कार. ११९८–१२१६) इंग्लंडमधील धर्मविधी बंद पाडून जॉन राजाला १२१३ मध्ये आपले मांडलिकत्व पतकरावयास लावले. आठव्या बॉनिफेसने १३०२ मध्ये पोपच्या सर्वश्रेष्ठतेचा अत्यंत स्पष्ट उद्‌घोष केला. पण पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या राजाच्या हस्तकांनी त्याला आनान्यी येथे अटक केली. १३०९ पासून पोपचे वास्तव्य फ्रान्सच्या सीमेलगतच्या आव्हीन्यों येथे झाले व ते १३७७ पर्यंत टिकले. याच काळात खुल्दाबादचे चिश्ती केंद्र उदयास आले. त्या काळात पोपसत्तेचा हात पश्चिम किनाऱ्यापर्यंत पोहोचला होता. १३२१ मध्ये ठाणे येथे चार फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक मारले गेले. त्यांचा सहप्रवासी जॉर्डनस याला १३२९ मध्ये बाविसाव्या जॉन पोपने केरळातील कोल्लमचा बिशप नेमले.

इस्लामी जगातील परिस्थिती : इस्लाममध्ये पोपसारखे धर्मपीठ नाही, पुरोहितवर्गाची उतरंडही नाही. तत्त्वतः खलीफा हा मुस्लिम समाजाचा प्रमुख होता आणि सुलतान त्याच्या सनदेने राज्य करीत. दिल्लीच्या अल्तमशला अशी सनद १२२९ मध्ये बगदादहून मिळाली. १२५८ मध्ये मंगोलांनी बगदाद घेऊन खलीफाला ठार केल्यावर या संस्थेचा कणाच मोडला. त्या घराण्यातील पुरुष कैरो येथे ममलूक सुलतानांच्या आश्रयाने खलीफा म्हणवीत राहिले, तरी त्यांच्या हाती सत्ता नव्हती. असे असूनही मुहम्मद तुघलकाने (कार. १३२५–५१) राज्यभर बंडे सुरू झाल्यावर आपल्या नाण्यांवर खलीफाचे नाव घातले व १३४३-४४ च्या सुमारास कैरोहून आलेली सनद आणि मानवस्त्रे मोठ्या सन्मानाने स्वीकारली. मात्र या सनदेने बंडे थांबली नाहीत. दूरच्या खलीफाचे नाव सामान्य माणसाच्या मनाची पकड घेऊ शकत नव्हते. ती पकड लोकांच्या डोळ्यांसमोर राहणाऱ्या सूफी शेखांची होती.

सूफी विचारात विलायत या संज्ञेला महत्त्व आहे. वली म्हणजे ईश्वराचा निकटवर्ती. विलायत म्हणजे त्याचा अधिकार आणि ज्या प्रदेशावर त्याची कृपा आहे तो प्रदेशही. गुरू आपल्या निवडक शिष्याला खिर्का म्हणजे संप्रदायाचे वस्त्र देऊन एखाद्या प्रदेशाकडे पाठवी, तेव्हा तो प्रदेश त्या शिष्याची विलायत मानला जाई. राजाचा सुभा आणि शेखाची विलायत हे दोन्ही एकाच भूमीवर असत. त्यांतील श्रेष्ठ कोणता, हा प्रश्न त्यामुळे केव्हा ना केव्हा उपस्थित होणे अटळ होते.

दौलताबादची पूर्वपीठिका : धर्माधिकार व राजसत्ता यांच्या संबंधांचा अनुभव या प्रदेशाला आधीपासून होता. देवगिरीच्या यादवांच्या दरबारी हेमाद्रीसारखा धर्मशास्त्रकार मंत्रिपदावर होता. गोदाकाठच्या पैठण येथील ब्रह्मसभेचा निर्णय प्रायश्चित्त व बहिष्कार या बाबतींत दूरवर मानला जाई. निवृत्ती-ज्ञानदेवादी भावंडांना शुद्धिपत्रासाठी पैठणला जावे लागले, अशी परंपरा आहे. ही सभा विद्वानांची होती. तिचे सामर्थ्य ग्रंथप्रामाण्यातून व समाजाच्या बहिष्कारातून आलेले होते. तिच्यामागे एखादी सेना वा केंद्रीय पीठ नव्हते.

अलाउद्दीन खल्‌जीची १२९६ मधील स्वारी आणि १३१८ च्या सुमारास झालेला यादव राज्याचा शेवट यांनंतर देवगिरी दिल्लीच्या अंमलाखाली आली. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये तिला दौलताबाद असे नाव देऊन दुसरी राजधानी केली आणि दिल्लीतील प्रतिष्ठित कुटुंबे, विद्वान व सूफी यांना तेथे जाण्यास भाग पाडले. या स्थलांतरामुळे दिल्लीच्या निजामुद्दीन अवलिया (मृ. १३२५) यांचा शिष्यपरिवार दख्खनमध्ये आला. ज्या सुलतानाच्या हुकमामुळे हे साधू येथे आले, त्याच्याच राज्यातून दख्खन फुटून निघाली तेव्हा नव्या सत्तेला त्यांच्या नावाचा आधार घ्यावासा वाटला.

प्रमुख साधू : परंपरेनुसार खुल्दाबादचे आद्य चिश्ती साधू म्हणजे मुन्तजबुद्दीन जरजरी जरबख्श (मृ. १३०९) होत. ते सातशे किंवा चौदाशे शिष्यांचा समुदाय घेऊन आले, असे नंतरच्या चरित्रग्रंथांत व लोककथांत सांगितले जाते. काही कथांत त्यांना धर्मयोद्ध्याचे रूप दिले आहे. परंतु चौदाव्या शतकातील समकालीन संवादसंग्रहांत अशा स्वारीचा उल्लेख आढळत नाही. या कथा पुढच्या काळातील मनोवृत्तीच्या द्योतक आहेत.

खुल्दाबादचे खरे प्रवर्तक म्हणजे मुन्तजबुद्दीनांचे बंधू बुऱ्हानुद्दीन गरीब (मृ. १३३७). ते मूळचे हांसीचे व निजामुद्दीन अवलियांचे ज्येष्ठ शिष्य होते. दौलताबादेत त्यांनी खानकाह चालविली. समा म्हणजे भक्तिसंगीत श्रवण हा त्यांच्या साधनेचा गाभा होता आणि त्यावरून कर्मठ विद्वानांशी त्यांचे मतभेद झाले. रुक्नुद्दीन काशानी आणि त्याचे बंधू हम्माद व मजदुद्दीन यांनी बुऱ्हानुद्दीनांच्या उपदेशाचे व आठवणींचे फार्सी संग्रह सिद्ध केले. नफाइसुल् अन्फास व अहसनुल् अक्वाल हे त्यांपैकी प्रसिद्ध असून दख्खनच्या सामाजिक इतिहासाचे ते मोलाचे साधन आहे. निजामुद्दीनांचे संवाद संकलित करणारा कवी अमीर हसन सिज्झी याचीही कबर खुल्दाबादेत आहे.

जैनुद्दीन शिराजी (मृ. १३६९) हे बुऱ्हानुद्दीनांचे उत्तराधिकारी. ते शास्त्राध्ययन केलेले विद्वान होते. समा त्यांना प्रथम मान्य नव्हता. पुढे बुऱ्हानुद्दीनांच्या सहवासात त्यांचे मतपरिवर्तन होऊन ते त्यांचे शिष्य झाले, असे परंपरा सांगते. संप्रदायाच्या गुरुमालिकेतील स्थानावरून त्यांना ‘बावीस ख्वाजा’ म्हणजे बाविसावे ख्वाजा असे संबोधतात. त्यांची वचने हिदायतुल् कुलूब या ग्रंथात संकलित आहेत.

बहमनी राज्य व शेख : तुघलकाविरुद्ध बंड केलेल्या अमिरांनी ३ ऑगस्ट १३४७ रोजी दौलताबाद येथे अलाउद्दीन हसन बहमनशाह याला गादीवर बसविले. नव्या घराण्याजवळ परंपरा नव्हती, खलीफाची सनद नव्हती आणि दिल्लीच्या दृष्टीने ते बंडखोर होते. अशा वेळी सूफींच्या आशीर्वादाच्या कथा प्रचारात आल्या. निजामुद्दीन अवलियांनी तरुण हसनला पाहून त्याच्या राजपदाचे भाकीत केले होते, ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध कथा. बहमनशाहाच्या आश्रयाने १३५० मध्ये पूर्ण झालेल्या फुतूहुस्सलातीन या काव्यात इसामीने हा विचार तात्त्विक पातळीवर मांडला. प्रत्येक देशात राजा असला, तरी त्या देशाचे रक्षण एखाद्या फकिराच्या पुण्याईने होते. निजामुद्दीन गेल्यावर दिल्ली उजाड झाली आणि बुऱ्हानुद्दीनांमुळे दौलताबाद भरभराटले, असे त्याचे प्रतिपादन आहे. राजाने सांभाळलेल्या कवीने राजापेक्षा फकिराला वर ठेवावे आणि राजाने ते मान्य करावे, यातच त्या काळची निकड दिसून येते.

जैनुद्दीन व मुहम्मदशाह : बहमनशाहाचा पुत्र पहिला मुहम्मदशाह (कार. १३५८–७५) याच्या काळात हा संबंध कसोटीला लागला. सतराव्या शतकाच्या आरंभी विजापूर येथे लिहिणाऱ्या फिरिश्ताने त्याची हकीकत दिली आहे. तीनुसार सुलतानाच्या राज्यारोहणानंतर राज्यातील इतर शेखांनी त्याला बैअत (निष्ठेची शपथ) दिली; जैनुद्दीनांनी मात्र नाकारली. सुलतान उघडपणे मद्यपान करतो व धर्मनियम मोडतो, हे त्यांनी कारण दिले. पुढे १३६६ च्या सुमारास दौलताबादचा सुभेदार बहराम खान माझंदरानी याने एका मराठा सरदाराच्या साहाय्याने बंड केले. पैठणच्या परिसरात त्याची बाजू ढासळली आणि बंडखोर दौलताबादेस परतले. त्यांनी जैनुद्दीनांचा सल्ला विचारला, तेव्हा बायकामुलांसह तत्काळ गुजरातकडे निघून जावे, असे शेखांनी सांगितले. बंडखोर निसटल्याचे कळताच सुलतानाचा क्रोध शेखांकडे वळला.

सुलतानाने त्यांना दरबारी येण्यास किंवा स्वहस्ते निष्ठापत्र लिहून देण्यास फर्माविले. शेखांनी उत्तरादाखल एक दृष्टांत सांगितला. एक विद्वान, एक सय्यद व एक तृतीयपंथी असे तिघे शत्रूच्या हाती सापडले. मूर्तीपुढे नमन करा अथवा मरा, असा पर्याय त्यांच्यापुढे ठेवण्यात आला. विद्वानाने आपल्या विद्येच्या आणि सय्यदाने आपल्या कुळाच्या भरवशावर नमन केले. तिसऱ्याने मात्र, आपले सारे आयुष्य पापात गेले, विद्या नाही आणि कुळही नाही, तेव्हा श्रद्धा तरी गमावणार नाही, असे म्हणून मरण पतकरले. आपली स्थिती त्या तिसऱ्यासारखी आहे, असे शेखांनी कळविले. तेव्हा सुलतानाने त्यांना शहर सोडण्याची आज्ञा केली. शेख आपली नमाजाची चटई खांद्यावर टाकून रौझ्यास गेले. बुऱ्हानुद्दीनांच्या कबरीजवळ काठी रोवून व चटई अंथरून ते बसले आणि येथून आपल्याला कोण उठवितो, असे त्यांनी आव्हान दिले.

सुलतान वरमला. त्याने एका उच्चपदस्थ धर्माधिकाऱ्याकरवी सलोख्याचा निरोप पाठविला. शेखांच्या अटी थोडक्या होत्या : राज्यातील मद्याची दुकाने बंद करावीत, सुलतानाने पित्याचा मार्ग अनुसरून उघड मद्यपान सोडावे आणि काझींना धर्मनियमांची अंमलबजावणी करू द्यावी. तसे झाल्यास आपल्याइतका सुलतानाचा दुसरा हितचिंतक नसेल, असे त्यांनी सांगितले. आपल्या उत्तरात शेखांनी सुलतानाला ‘गाझी’ म्हटले होते. सुलतानाने तो शब्द आपल्या किताबांत समाविष्ट केला, मद्याच्या भट्ट्या बंद करविल्या आणि वाटमाऱ्या करणाऱ्यांचा कठोर बंदोबस्त केला.

ही हकीकत घटनेनंतर सु. अडीचशे वर्षांनी लिहिली गेली आहे. संवादाचे तपशील शब्दशः खरे मानता येत नाहीत. वाटमाऱ्यांच्या बंदोबस्ताविषयी फिरिश्ताने दिलेले हजारो मुंडक्यांचे आकडेही अतिशयोक्त वाटतात. तथापि बैअतीचा प्रश्न, बंडखोरांना मिळालेला आश्रय आणि गुरूच्या समाधीचे अभयस्थान ही कथेची मुख्य अंगे तत्कालीन परिस्थितीशी सुसंगत आहेत.

तुलना : कानोसाशी या प्रसंगाचे साम्य वरवर पाहता ठळक आहे. दोन्हीकडे शस्त्रहीन धर्मपुरुषासमोर शस्त्रधारी राजा नमला आणि दोन्हीकडे राजाला हवे होते ते अधिमान्यतेचे शब्द. भेद मात्र मूलगामी आहेत. पोपचा झगडा धर्माधिकाऱ्यांच्या नेमणुकांसाठी, म्हणजे जमीन व उत्पन्न असलेल्या पदांसाठी होता. जैनुद्दीनांनी स्वतःसाठी पद, उत्पन्न वा नेमणुकीचा अधिकार मागितला नाही. पोपजवळ बहिष्काराचे शस्त्र, स्वतंत्र न्यायालये, लेखनकचेरी, करवसुली व स्वतःचा मुलूख होता. शेखाला राजाच्या प्रजेला निष्ठेतून मुक्त करण्याचा कोणताही मान्य अधिकार नव्हता. तो केवळ स्वतःची निष्ठा नाकारू शकत होता. काझीची नेमणूक सुलतानाकडेच राहिली आणि धर्मनियमांची अंमलबजावणी राजाच्याच हातांनी व्हावयाची होती.

सर्वांत महत्त्वाचा भेद उत्तराधिकाराचा होय. पोप मरण पावला वा पदच्युत झाला, तरी निवडणुकीने दुसरा पोप येई. बॉनिफेसच्या मानहानीनंतरही पीठ टिकून राहिले. जैनुद्दीनांनी १३६९ मध्ये निधनसमयी आपल्यामागे प्रमुख उत्तराधिकारी नेमला नाही. सुलतानाला दूर ठेवू शकणारी जिवंत गुरुपरंपरा तेथेच थांबली. मागे राहिल्या कबरी आणि त्यांची सेवा करणारी कुटुंबे.

उत्तरकाल : साधूंच्या निधनानंतर त्यांच्या नावाचे राजकीय मोल कमी होण्याऐवजी वाढले. खानदेशच्या फारुकी घराण्याचा संस्थापक मलिक राजा याला जैनुद्दीनांकडून खिर्का मिळाला आणि तो घराण्यात वारसाने चालत राहिला, असे फिरिश्ता लिहितो. तापीकाठचे बुऱ्हाणपूर व समोरचे जैनाबाद ही नावे या दोन साधूंवरून पडली. नासिर खान फारुकीने देऊ केलेली गावे जैनुद्दीनांनी फकिराला जहागिरीचे काय काम, असे म्हणून नाकारली, अशीही कथा आहे. नासिर खानाची कारकीर्द जैनुद्दीनांच्या निधनानंतर सु. तीस वर्षांनी सुरू होत असल्यामुळे ही भेट कालदृष्ट्या असंभवनीय ठरते. परंतु चिश्ती साधू राजाकडून जमीन घेत नाही, हा आदर्श लोकस्मृतीत किती घट्ट होता, हे तीवरून कळते.

प्रत्यक्षात तो आदर्श टिकला नाही. पुढील शतकांत दर्ग्यांच्या खर्चासाठी राज्यकर्त्यांनी इनामे व गावांचे उत्पन्न लावून दिले. मोगल अमदानीत त्यांच्या सनदा झाल्या. उरूस, लंगर, इमारतींची दुरुस्ती व सेवेकऱ्यांची उपजीविका या उत्पन्नावर चाले. दर्गा वाचला, पण सनद देणाऱ्याला नकार देण्याचे सामर्थ्य त्याच्या सेवेकऱ्यांजवळ राहणे शक्य नव्हते. बहमनी सुलतानांनीही आपला आधार अन्यत्र शोधला. गुलबर्गा येथे बंदेनवाज गेसूदराज (मृ. १४२२) यांचे महत्त्व वाढले. पहिल्या अहमदशाहाने राजधानी बीदरला नेल्यावर इराणमधील किरमानच्या शाह निअमतुल्ला यांच्या कुटुंबीयांना पाचारण केले. शेखाने राजाला मान्यता द्यावयाची, ही रीत जाऊन राजाने आपल्या पसंतीचा शेख निवडावयाचा, अशी स्थिती आली.

खुल्दाबाद मात्र राजांचे अंत्यविश्रामस्थान बनले. निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर (मृ. १६२६), गोवळकोंड्याचा अखेरचा सुलतान अबुल हसन तानाशाह (मृ. १६९९) आणि हैदराबादच्या आसफजाही घराण्याचा संस्थापक निजामुल्मुल्क (मृ. १७४८) यांच्या कबरी येथे आहेत. अहमदनगर येथे १७०७ मध्ये मृत्यू पावलेल्या औरंगजेबाचे दफन त्याच्या इच्छेनुसार जैनुद्दीनांच्या दर्ग्याच्या आवारात झाले. त्याची मूळ कबर साधी व उघड्या आभाळाखाली होती. यूरोपात राजे राज्याभिषेकासाठी धर्मपीठाकडे जात. दख्खनमध्ये ते मृत्यूनंतर येथे आले.

मूल्यमापन : खुल्दाबादच्या शेखांना ‘दख्खनचे पोप’ म्हणणे योग्य होणार नाही. त्यांच्यामागे संघटना नव्हती आणि त्यांनी ती उभारलीही नाही. पोपसत्ता संघटनेमुळे टिकली. पण त्याच संघटनेने तिला राज्यांच्या स्पर्धेत ओढले आणि आव्हीन्योंत फ्रान्सच्या छायेखाली नेले. खुल्दाबादची नैतिक सत्ता व्यक्तिनिष्ठ असल्यामुळे ती अधिक निर्मळ राहिली. त्याच कारणाने ती दोन पिढ्यांहून अधिक टिकली नाही. जैनुद्दीनांच्या आग्रहाचा आशयही आजच्या अर्थाने उदारमतवादी नव्हता. धर्मनियमांचे कडक पालन हीच त्यांची मागणी होती आणि बहुसंख्य बिगर-मुस्लिम प्रजेच्या हक्कांचा प्रश्न तीत येत नव्हता. तरीही राजाची आज्ञा अंतिम नाही व तिला नकार देऊनही राज्यात राहता येते, हे त्यांनी चटई व काठी एवढ्या साधनांनिशी दाखवून दिले. बुऱ्हानुद्दीन व जैनुद्दीन यांच्या दर्ग्यांना विविध धर्मांचे लोक भेट देतात. ‘बावीस ख्वाजा’ या नावात ती थांबलेली गुरुमालिका जपली गेली आहे.